जोडी मिळणार नाही

नाही म्हणजे नाही, प्रतोदसाहेब — आता पुन्हा विचारलंत म्हणून माझं उत्तर बदलणार आहे का? बसा ना, उभ्याउभ्या काय बोलताय, त्या खुर्चीला काही विरोधी पक्षाची लागण झालेली नाही. दार तेवढं लोटून घ्या, बाहेर ते बातमीदार भिंतीला कान लावून उभे आहेत. चहा? नको? माझा गार झालाय, पण मी हाच संपवणार — दुसरा मागवला तर तो या खोलीपर्यंत यायच्या आत मतदान उरकलेलं असेल. ही खोली कुणी दिली आम्हाला? तुम्हीच दिलीत. विरोधी पक्षनेत्याचं दालन, पाटीवर केवढं भारदस्त वाटतं, आणि आत पाहावं तर एक टेबल, चार खुर्च्या, एक खिडकी, आणि खिडकीतून काय दिसतं, तर तुमच्या मंत्र्यांच्या गाड्या. बरं ते जाऊ दे. भर भाषणातून मला चिठ्ठी पाठवून बाहेर काढलंत, मंत्री तिकडे उत्तर देतायत आणि जिने ठराव मांडला ती बाईच जागेवर नाही — गॅलरीतल्या लोकांना वाटेल, पळाली. म्हणून ही भिंतीवरची पेटी मी चालू ठेवलीय. सभागृहात काय चाललंय ते यातून ऐकू येतं. आवाज थोडा चिरका आहे, पण तुमच्या पाणीमंत्र्यांचा आवाज मुळातच तसा आहे, त्यामुळे फरक पडत नाही.

जोडी म्हणजे काय, ते तुम्ही मला समजावून सांगणार? अहो, तुमचा एक माणूस आजारी पडला, मतदानाला येऊ शकत नाही, तर आमच्यातलाही एक आम्ही बाहेर बसवायचा, म्हणजे तोल जिथल्या तिथे. कुठे लिहिलेलं नाही, कुठल्या नियमात नाही, तुमच्या-आमच्या तोंडच्या शब्दावर इतकी वर्षं चाललंय. आणि मी आजवर कधी नाही म्हटलंय? सांगा ना, तुम्ही प्रतोद, माणसं मोजणं हेच तुमचं काम, तुम्हाला तर पाठ असेल. अर्थमंत्र्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं — दिली. तुमचे वडील गेले तेव्हा — आठवतंय ना? तेव्हा सरकारी खर्चावर कपातसूचना होती आमची, जिंकत होतो आम्ही, आमची माणसं मला म्हणाली, बाई, आज नको, आज एक डाव जिंकू दे. मी म्हटलं, माणसाचा बाप गेलाय, जोडी द्या. हरलो. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तुमच्या बाकांवर मला हेडमास्तरीण म्हणतात ते मला ठाऊक आहे, पण हेडमास्तरीण शब्दाची पक्की आहे, हेही तेच लोक म्हणतात. म्हणून तर आमच्या प्रतोदाने हात झटकले आणि तुम्हाला माझ्याकडे धाडलं — बाईंनाच विचारा म्हणाला, घरचाच मामला आहे. शहाणा आहे तो.

घरचाच मामला. हो ना, तुमचा जो आजारी सदस्य तो माझा सख्खा मोठा भाऊ. यात लपवण्यासारखं काय आहे, अख्ख्या देशाला माहीत आहे, दादा तिकडच्या बाकावर आणि मी इकडच्या. दादा परदेशी दौऱ्यावर गेला की त्याच्यासाठी मी बाहेर बसायचे, मला ताप आला की माझ्यासाठी तो. बहीणभावाची जोडी, असं लॉबीत चिडवायचे आम्हाला. तो तुमच्या पक्षाला चिकटून राहिला, कारण वडील त्याच पक्षात होते, आणि मी बाहेर पडले, कारण — कारण मला त्यांच्या सभांमध्ये कधी प्रश्न विचारू दिला नाही, आणखी काय. पण माझं पहिलं तिकीट आलं तेव्हा घरात कोण बोललं माझ्या बाजूने? दादाच. आईला म्हणाला, उभी राहू दे तिला, पडली तर मी हसेन आणि निवडून आली तर मीच वाजवीन पहिलं बाक. आणि वाजवलं, बरं का. सरकारी बाकावरून विरोधी पक्षाच्या शपथेला बाक वाजवणारा तो एकटाच. तुमच्या जागी तेव्हा जो प्रतोद होता त्याने डोळे वटारले होते.

आज का नाही? बरं, विचारलंत तर ऐका. आज रस्त्याचा, पुलाचा, कराचा ठराव नाही. आज आम्ही सभागृहाला एवढंच विचारतोय की मंत्री आमच्याशी खोटं बोलले की नाही. तुमच्या पाणीमंत्र्यांनी उभं राहून सांगितलं — वरच्या अंगाला कारखान्याची टाकी फुटून नदीत काय मिसळलं, ते आम्हाला माणसं आजारी पडायला लागल्यावर कळलं, आधी कळलं असतं तर लगेच पाणी बंद केलं असतं. बरोबर? असंच म्हणाले ना? आणि मी नदीकाठच्या त्या गावात गेले. दौरा-बिरा नाही, गाड्यांचा ताफा नाही. उतरले कुठे, तर मंत्र्यांच्याच खात्याच्या विश्रामगृहात, मुद्दाम नाही, गावात दुसरं उतरायला आहे काय. दिवसभर धूळ खाल्लेली, तोंड धुवावं म्हणून नळ सोडला, तर ठणठणीत कोरडा. स्वयंपाकघरातला सोडला, तोही कोरडा. बाहेर रस्त्यावरचा सार्वजनिक नळ मात्र, आता पाणी साफ झालंय म्हणून, पुन्हा धो धो चालू. मी तिथल्या माणसाला म्हटलं, काय हो, नळाला काय झालंय? तो सहज म्हणाला, हे होय, हे तर शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बंद केले, साहेबांच्या ऑफिसातून हुकूम आला, पाहुण्यांना बाटलीतलं पाणी द्या. सहज म्हणाला हो. त्याला वाटलं, टाकी धुवायची असेल.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, प्रतोदसाहेब. म्हणजे तुमच्या खात्याच्या विश्रामगृहाला कळलं होतं. गावाला कळवलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरली. शिशुवर्गाच्या बाई आहेत तिथे, मी भेटले त्यांना. पोरांनी पाणी प्यायला कुरकुर करू नये म्हणून त्या स्वतः एकेकाची बाटली भरून द्यायच्या, नाव घालून. पहिला दिवस, पोरं रडत होती, त्यांनी काय करावं, तर प्रत्येकाला जवळ घेऊन आधी पाणी पाजलं. आता त्या बोलत नाहीत. म्हणजे बोलत नाहीत असं नाही, मला म्हणाल्या, बसा. पाणी विचारणार होत्या बहुधा, सवयीने, आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला. मी त्या घरातून बाहेर आले आणि गाडीत रडले, कुणाला सांगू नका, हेडमास्तरणीची पत जाईल. किती पोरं गेली ते मी मोजून सांगणार नाही, आकडे सांगितले की तुमचे लोक आकड्यांवर वाद घालतात आणि पोरं बाजूला राहतात. मी त्या बाईंना म्हटलं, मी विचारीन. तुमच्या वतीने विचारीन आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही. म्हणून विचारतेय. पाच शब्दांचा प्रश्न आहे हो माझा — आदल्या दिवशी कळलं की नाही? त्याला तुमचे मंत्री सकाळपासून उत्तर देतायत, आणि उत्तर काही येत नाहीये.

तेव्हा हिशोब तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. ते दोघं अपक्ष रात्रीतून आमच्याकडे आले, का आले, तर त्यांच्याही घरी शाळेत जाणारी पोरं आहेत म्हणून आले, उगाच संशय घेऊ नका. दादा आला नाही तर ठराव एका मताने मंजूर आणि मंत्री घरी. दादा आला, किंवा मी तुम्हाला जोडी दिली आणि आमचा एक बाहेर बसला, तर बरोबरी. आणि बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत, आणि अध्यक्ष कुणाचे, ते का मी सांगायला हवं? म्हणजे तुम्हाला एक तर दादा हवा, नाही तर जोडी. जोडी मिळणार नाही. आणि दादा आणायचा म्हणताय, तर — काय? रुग्णवाहिकेतून? अहो, ऐकतं का कुणी हे. स्ट्रेचर सभागृहाच्या दारापर्यंत आणणार, आणि मग काय, दोघांनी बगलेत धरून त्याला ठरावाला 'नाही' म्हणणाऱ्यांच्या दारातून ओढत नेणार? तुमच्या बाजूच्या दाराशी शिपाई उभे कराल हार घेऊन? लाज नाही तर नाही, निदान माणसाच्या वयाकडे तरी बघा. तो आजारी आहे. आजारी माणसाला झोपू द्यावं.

आमच्या आईचा एक दंडक होता, सांगते. आम्ही दोघं वेगळ्या बाकांवर बसायला लागलो तेव्हा तिने जेवायला बसल्या जागी बजावलं — सभागृहातलं घरात आणायचं नाही आणि घरातलं सभागृहात न्यायचं नाही. ती गेल्यावरही आम्ही तो पाळला. दादा सकाळी माझ्यावर तुटून पडायचा, काय काय बोलायचा, आणि संध्याकाळी वहिनीचा फोन यायचा, अगं ये जेवायला, तुझा भाऊ तू आल्याशिवाय बसत नाही. म्हणून आज सकाळी मी ठरावावर बोलले तेव्हा दादाचं नाव घेतलं का? एकदा तरी घेतलं? माझे लोक म्हणत होते, घ्या, बाई, घ्या, त्यांचाच मतदारसंघ आहे. मी नाही घेतलं. घरातलं आहे ते. घरातलं म्हणजे — तसं काही नाही. आजार. त्याचा आजार, तो घरातला.

थांबा. थांबा जरा, गप्प बसा, आवाज वाढवते मी. ऐकलंत? काय म्हणाले ते? 'त्या भागाचे प्रतिनिधी असलेले या सभागृहाचे सन्माननीय सदस्य यांनी जनतेसमोर ते पाणी प्राशन केले. त्यांना काहीही झाले नाही. त्यांचा सध्याचा आजार जुना आहे.' जुना आहे. तुमची बाकं वाजतायत, ऐका. काहीही झाले नाही म्हणे. प्रतोदसाहेब, तुम्ही खाली कशाला बघताय, माझ्याकडे बघा. त्या गावच्या बाजारात स्टेजवर त्याला कुणी चढवलं? मंत्र्यांनीच ना फोन केला, लोक घाबरलेत, तुम्ही एक ग्लास पिऊन दाखवा म्हणून? आणि दादा तो दादाच, त्याला वाटलं, आपला मंत्री सांगतोय तर खरंच असेल, प्यायला. गर्दीतून कुणी ओरडलं, आणखी एक, तर हसत हसत दुसराही प्यायला. आणि मग काय झालं ते मी बघितलंय, तुमच्या मंत्र्यांनी नाही. हत्तीसारखा माणूस, जन्मात कधी डोकं दुखलं नाही त्याचं, किडनीच्या मशीनला लावला होता. चमचा धरता येत नव्हता, वहिनी भरवत होती आणि तो तोंड फिरवत होता, शरमेने. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं कशाने ते. पण दादा म्हणाला, बाहेर बोलायचं नाही, पक्षाची बदनामी होईल. मरायला टेकला होता आणि पक्षाची बदनामी. मी कसं तोंड शिवून बसले ते माझं मला माहीत. आता कुठे तोंडावर रंग आलाय त्याच्या. आज सकाळी भाषणाआधी गेले तर आरशासमोर उभा राहून दाढी करत होता, मला म्हणतो, इथलं ब्लेड अगदी बोथट आहे. मुलांची चौकशी केली, माझा डबा उघडून त्यातलं अर्धं खाल्लं, आणि डॉक्टर आले, म्हणाले, छान, तुम्ही आज घरी जाऊ शकता, तर हाच त्यांना म्हणतो कसा, डॉक्टर, आजचा दिवस राहू द्या मला इथेच, उद्या जातो —

म्हणजे —

अशक्तपणा आहे अजून. उभं राहिलं की चक्कर येते त्याला. डॉक्टरच म्हणाले असतील राहा म्हणून, मी तेव्हा दारात होते, मला नीट ऐकू — ठेवा तो फोन. ठेवा म्हणते ना. राहू दे. खोटं मला जमत नाही, नाही तर मीही तुमच्याच बाकांवर बसले असते. हो. चालू शकतो तो. घरी जाऊ शकत होता, गेला नाही. काय करणार होता, सांगा? तुमच्या बाजूने मत द्यायचं तर त्याच्या गावाला तोंड कसं दाखवायचं, आणि विरुद्ध द्यायचं तर वडिलांपासूनचा पक्ष सोडायचा या वयात. मला म्हणाला, मी येत नाही, तू जोडी देऊ नकोस, म्हणजे तू जिंकशील आणि मी कुणाचाच घात केला असं होणार नाही. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? मला सोयीचंच होतं की ते. मोठा भाऊ पांघरूण ओढून लपतोय आणि धाकटी बहीण त्याला म्हणते, बरं, झोप. आणि मघापासून तुम्हाला ऐकवतेय, आजारी माणसाला झोपू द्या. मी काही संत नाही, प्रतोदसाहेब.

काय म्हणालात? नाही, पुन्हा म्हणा, फार हळू बोललात. जोडी द्या, आणि दादासाहेबांना आम्ही हात लावत नाही. ते आजारी होते, आजारीच राहतील, ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. आणि नाही दिली तर गाडी जाईल, गाडीबरोबर कॅमेरेवाले जातील, आणि उद्या सगळीकडे हेच, अमक्यांनी आजाराचं सोंग केलं. असंच ना? बरोबर समजले ना मी? वा. एवढी वर्षं तुम्ही इथे नुसती डोकी मोजता असं मला वाटायचं.

जरा बसू द्या मला.

माझा दादावर जीव आहे हो. हे काही भाषण नाही. वडील सभेतून आले की दमलेले असायचे, आमच्याशी बोलायचे नाहीत, मला बोलायला कुणी शिकवलं? त्याने. जेवणाच्या टेबलावर उभं करायचा मला आणि म्हणायचा, हं, मी मंत्री, विचार मला. मी विचारायचे, जेवायला उशीर का? आणि तो अगदी मंत्र्यासारखं उत्तर द्यायचा, या प्रश्नाची चौकशी चालू आहे. आई हसून हसून बेजार व्हायची. त्या माणसाला उद्या लोक रस्त्यात म्हणणार, सोंगाड्या. जोडी दिली तर तो वाचतो. आमच्या मागच्या बाकावरच्या कुणालाही खुणावलं की झालं, कुणाला काही कळणार नाही, उलट कौतुक होईल, हेडमास्तरीण बघा, एवढा मोठा ठराव, तरी आजारी भावासाठी जोडी दिली. आणि मंत्रीही वाचतो. आणि मी त्या शिशुवर्गाच्या बाईंकडे जाऊन काय सांगू? की प्रश्न विचारला होता, पण उत्तर यायच्या आत घरचं काम निघालं?

नाही. जोडी मिळणार नाही. ऐकलंत ना? आजारी माणसाला जोडी देतात, तुम्ही आजारी पाडलेल्या माणसाला नाही. पाठवा गाडी. कॅमेरेवाले दोन जास्त पाठवा. दादाची अब्रू दादाने सांभाळावी, माझ्यापेक्षा मोठा आहे तो. तो आला आणि तुमच्या दाराने गेला, तर त्याला मी माझ्या डोळ्यांनी जाताना बघेन आणि संध्याकाळी जेवायलाही जाईन, आईचा दंडक आहे. पण त्याला लपवायचा मोबदला म्हणून मंत्री सोडणार नाही. हे असलं मला विचारायची तुमची हिंमत झाली, हीसुद्धा माझीच चूक आहे, इतकी वर्षं मी हो म्हणत आले.

फक्त एक. तुमच्या गाडीच्या आधी त्याला मीच सांगणार. चोरून नाही, इथेच, तुमच्यासमोर — माझ्या तोंडून गेलंय तर माझ्याच तोंडून कळू दे त्याला. बसा खाली. लागतोय... हं, दादा? मी. ऐक, माझ्याकडून एक चूक — काय? कुठे आहेस तू? हा हॉर्नचा आवाज कसला... वहिनी आहे का बरोबर? ... हो. ऐकलं. हो रे, मीही ऐकलं, इथे पेटी आहे ना खोलीत... अरे, पण डॉक्टर काय — ... बरं. ... बरं. ... नाही, मी काही म्हणत नाही, तुझं तू बघ. ... सांगते. ... सांगते म्हटलं ना, इथेच बसलेत माझ्यासमोर. दादा, जिने चढू नकोस हं, लिफ्टने ये.

गाडी पाठवू नका, प्रतोदसाहेब. टॅक्सीत बसलाय तो, वहिनी शेजारी आहे, केव्हाच निघालाय. वॉर्डातल्या टीव्हीवर सभागृहाचंच चालू होतं. 'त्यांना काहीही झाले नाही' ऐकलं आणि वहिनीला म्हणाला, माझा कोट दे. तेव्हा आपण इथे बसून त्याच्या अब्रूची घासाघीस करत होतो. कुठल्या दाराने जाणार? नाही सांगितलं. मी विचारलं का? तुम्ही ऐकत होतात, मी विचारलं नाही. तुमच्यासाठी एक निरोप मात्र आहे — मंत्र्यांना म्हणावं, मी पोचेपर्यंत बोलत राहा.

असे बघू नका माझ्याकडे. तुम्हाला कळतंय आणि मलाही कळतंय, आत्ता, या मिनिटाला मंत्री खाली बसले आणि मतदान झालं, तर दादा आलेला नसणार आणि मी जिंकलेली असणार. आणि तरी मी आत जाऊन हरकतीचा मुद्दा काढणार आहे, एक नाही, सुचतील तेवढे काढणार आहे, आणि त्यांना उभं ठेवणार आहे तो येईपर्यंत. मूर्खपणा वाटतो? वाटू दे. लपलेल्या माणसाच्या रिकाम्या खुर्चीच्या जोरावर जिंकले तर उद्यापासून तुम्हीच म्हणत फिरणार, आजाऱ्याला जोडी नाकारून बाई जिंकली. तसलं मला नकोय. तो ते पाणी सगळ्यांसमोर प्यायला, तर त्याचं काय झालं तेही सगळ्यांसमोर त्याने सांगावं, नाही सांगायचं तर नाही सांगावं, पण उभं राहून. तुमच्या मंत्र्यांना आता दादाशिवाय कुणी वाचवू शकत नाही, आणि दादा त्यांचं भाषण ऐकून निघालाय. तेव्हा जा, त्याला घ्यायला खाली जाऊन उभे राहा, तुमचाच माणूस आहे. मला आत जायला हवं. आणि जाता जाता लिफ्ट चालू आहे का, तेवढं बघा.